करारनाम्याचा मसुदा: मोघम शब्द कुठे घात करतात

सही होते तेव्हा दोन्ही पक्ष खुशीत असतात. करारनामा पुन्हा उघडला जातो तो बिनसल्यावर, आणि तेव्हा तो वाचणारा बहुधा तिसराच कुणी असतो: वकील, लवाद किंवा न्यायाधीश. बैठकीत काय ठरलं, फोनवर काय बोलणं झालं, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. मसुदा लिहायचा तो या तिसऱ्या माणसासाठी.

जुन्या करारनाम्याची फाईल उघडून नावं बदलण्याचा मोह टाळा. मागच्या गिऱ्हाइकाचं नाव, काढून टाकलेल्या कलमाचा संदर्भ, भलतीच मुदत अशा गोष्टी त्यात हमखास राहून जातात. आधी कोऱ्या कागदावर व्यवहार पाच-सहा ओळींत मांडा: कोण, कोणाला, काय, किती, कधी आणि केवढ्याला देणार. त्या ओळी समोरच्या पक्षाला ईमेलने पाठवून होकार घ्या. मात्र ‘करारनाम्यावर सह्या झाल्याखेरीज कुणावरही बंधन नाही’ हे वाक्य त्यात आवर्जून टाका, कारण काही वेळा असा ईमेलच करार ठरतो. पक्षकारांची नावं नोंदणीपत्रावर आहेत तशीच लिहा, नोंदणी क्रमांकासह. पाटीवरचं नाव आणि कायद्यातलं नाव पुष्कळदा वेगळं असतं.

आता खरं काम. हे वाक्य पाहा: ‘माल वेळेत पोहोचवण्यात येईल.’ कोण पोहोचवणार? ‘वेळेत’ म्हणजे कधी? कुठे? ‘करण्यात येईल’, ‘देण्यात येईल’ ही आपल्या कार्यालयीन मराठीची जुनी सवय आहे, आणि करारनाम्यात ती घातक ठरते, कारण तिच्यात कर्ताच गायब होतो. तेच वाक्य असं लिहा: ‘पुरवठादार परिशिष्ट १ मधल्या वर्णनाच्या ५०० खुर्च्या १५ मार्च २०२७ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत खरेदीदाराच्या परिशिष्ट २ मधल्या गोदामात स्वखर्चाने उतरवून देईल.’ ‘उतरवून’ या एका शब्दाने हमालीचा वाद मिटतो. नुसतं ‘पोहोचवेल’ लिहिलं असतं, तर ट्रक दारात उभा करून पुरवठादार मोकळा झाला असता. आंतरराष्ट्रीय व्यापारात यासाठी इनकोटर्म्सच्या, म्हणजे माल पोहोचवण्यातलं कुठलं काम आणि खर्च कुणाकडे ते ठरवणाऱ्या, ठरावीक संज्ञा आहेत. २०२० च्या आवृत्तीत डीएपी लिहिलं तर माल उतरवणं खरेदीदाराकडे, डीपीयू लिहिलं तर विक्रेत्याकडे. संज्ञेबरोबर ठिकाण आणि आवृत्तीचं वर्षही लिहा.

नेमकेपणा नसला की काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण १८६४ च्या एका इंग्लिश खटल्यात आहे. मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणाऱ्या कापसाचा सौदा झाला होता. पण त्या नावाची जहाजं दोन होती, एक ऑक्टोबरात निघणारं आणि दुसरं डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिलं, विक्रेत्याच्या मनात दुसरं. डिसेंबरातल्या जहाजाचा कापूस खरेदीदाराने नाकारला, आणि कोर्टाने निकाल त्याच्याच बाजूने दिला. निघण्याची तारीख लिहिली असती तर वादच उरला नसता.

‘तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये’ हा शाळेतला निबंधाचा नियम इथे विसरा. एकाच वस्तूला एका कलमात ‘माल’, दुसऱ्यात ‘साहित्य’, तिसऱ्यात ‘उत्पादन’ म्हटलं, की वाचणारा त्या तीन वेगळ्या वस्तू धरू शकतो. व्याख्येत एक शब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा, कितीही रटाळ वाटलं तरी. ‘योग्य’, ‘तातडीने’, ‘शक्यतो’, ‘उत्तम दर्जाचा’ हे शब्द मसुद्यात शोधा आणि प्रत्येकाच्या जागी आकडा, माप किंवा कसोटी घाला. ‘एका महिन्यात’ऐवजी ‘३० दिवसांत’ लिहा, कारण ३१ जानेवारीपासून एक महिना कधी संपतो यावरही भांडण होतं. दिवस कुठून मोजायचे तेही सांगा: बिलाच्या तारखेपासून की बिल हाती पडल्यापासून? सुट्टीचे दिवस धरायचे की नाही?

पैसे अडकतात ते बहुतेक काम ‘मंजूर’ झालं की नाही, या प्रश्नावर. म्हणून मंजुरीची रीत पायरीपायरीने लिहा. उदाहरणार्थ, खरेदीदार ७ दिवसांत तपासणी करेल. दोष असल्यास ते एकेक करून लेखी कळवेल. त्या मुदतीत काही कळवलं नाही तर काम मंजूर धरलं जाईल. दोष दुरुस्त करायला पुरवठादाराला १० दिवस मिळतील. दुसऱ्या खेपेलाही तोच दोष राहिला तर खरेदीदार करार रद्द करू शकेल. दिवसांचे आकडे कामानुसार बदला, पण यातली एकही पायरी गाळू नका. ‘कळवलं नाही तर’ हे कलम नसेल, तर गप्प बसून पैसे लांबवणाऱ्याला मोकळं रान मिळतं.

करार संपवण्याचं कलम संकोचाने दोन ओळींत उरकलं जातं. तिथे नोटिशीची मुदत, नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची, अर्धवट कामाचा हिशेब आणि आगाऊ रकमेचं काय, एवढं तरी हवंच. गोपनीयता व थकबाकीची कलमं करार संपल्यावरही लागू राहतील, असं स्पष्ट लिहा. नुकसानभरपाईला कमाल मर्यादा असेल तर ती आकड्यात द्या.

वादासाठी ‘लवादाकडे जाईल’ एवढं पुरत नाही. लवादाचं कायदेशीर स्थान (कुठल्या ठिकाणच्या कायद्याखाली लवादाचं काम चालेल ते), लवादांची संख्या (१ किंवा ३, म्हणजे बहुमत अडत नाही), भाषा, नियमावली आणि लागू होणारा कायदा, हे सगळं हवं. पक्षकार दोन देशांतले असतील तर मालविक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार पाहा. दोन्ही देश त्याचे सदस्य असल्यास तो सहसा आपोआप लागू होतो, नको असेल तर तसं लिहून वगळावा लागतो. मसुदा दोन भाषांत असल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची, तेही ठरवा.

सहीपूर्वी मसुदा या व्यवहाराशी संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा: पहिला हप्ता कोणत्या तारखेला? माल नाकारला तर पुढे काय? उद्या करार मोडला तर कोणाचं कोणाला किती देणं? तो जिथे अडखळेल ते कलम पुन्हा लिहा. मग कलमांचे क्रमांक आणि संदर्भ जुळवा, परिशिष्टं खरोखर जोडली आहेत का पाहा, सही करणाऱ्याचा अधिकार तपासा आणि पानोपानी आद्याक्षरं घ्या.