घरगुती फराळ-मसाल्याला गिऱ्हाईक जोडायचं कसं

घरगुती फराळ, मसाले, पापड-कुरडया विकणाऱ्यांचा पहिला खर्च बहुधा व्हिजिटिंग कार्ड, लोगो आणि फ्लेक्सवर होतो. मागच्या दिवाळीत कोणी काय नेलं आणि ती माणसं कोणाच्या ओळखीने आली, याची नोंद मात्र कुठेच नसते. या धंद्यात नवं गिऱ्हाईक जुन्याच्या तोंडून येतं. म्हणून आधी वही घाला.

साधी शंभर पानी वही पुरते. रकाने असे: नाव, मोबाइल, सोसायटी, काय आणि किती नेलं, तारीख, कोणाकडून कळलं, आवडनिवड. शेवटच्या रकान्यात ‘चकली कमी तिखट’, ‘सासूबाईंना मधुमेह, लाडू नको’ इतकं बारीक लिहा. ‘कोणाकडून कळलं’ हे ऑर्डर घेतानाच विचारायचं, नंतर विचारलं तर कोणाला आठवत नाही. दोनेक मोसमांनंतर त्या रकान्यात चार-पाच नावं पुन्हा पुन्हा दिसू लागतात. त्या माणसांकडे नवा घाणा झाला की पहिला डबा जायला हवा, तोही न मागता. त्यांना टक्केवारी मात्र देऊ नका. शेजारीण प्रेमाने नाव सुचवते तोवर तिच्या शब्दाला वजन असतं. तिला पैसे मिळतात हे सोसायटीत कळलं की ते वजन गेलं.

व्हॉट्सअ‍ॅप: मेसेज पोचतो का, ते आधी बघा

धंद्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. घरच्या नंबरावर धंदा केला की ‘चकली आहे का?’ हा मेसेज शाळेच्या ग्रुपखाली दबतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन आणि दर टाका. ‘दरासाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्मी माणसं संकोचानेच पुढे जातात. वारंवार विचारलं जाणारं (पत्ता, घरपोच मिळतं का, कधी मिळेल) क्विक रिप्लायमध्ये (आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांत) ठेवा. चॅटना लावायची लेबलं चार पुरेत: नवीन चौकशी, आगाऊ आली, तयार, पैसे बाकी.

ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या) एका यादीत २५६ जण बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे, त्यांनाच तो मेसेज जातो. यादी दोनशेची आणि उत्तरं तीन, असं होण्याचं हे नेहमीचं कारण. त्यामुळे डबा हातात देताना सांगा: “हा नंबर सेव्ह करून ठेवा, म्हणजे दर कळवता येतील.” डब्याच्या झाकणावर नंबराची चिकटपट्टी लावली तर उत्तमच. अनोळखी नंबरांवर मेसेज पाठवायचे नाहीत. चार जणांनी रिपोर्ट केलं तर खातंच बंद होऊ शकतं, आणि तेही नेमकं ऐन दिवाळीत.

मेसेजमध्ये शुभेच्छांचं चित्र, कविता आणि हात जोडलेली इमोजी नको. हे पुरे:

“दिवाळी फराळाची नोंदणी सुरू. भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, बेसन लाडू, शंकरपाळे, ओल्या नारळाची करंजी (ही दोन दिवसांत संपवावी). दर कॅटलॉगमध्ये. निम्मी रक्कम आगाऊ. नोंदणी शेवटची: वसुबारसेच्या आठ दिवस आधी.”

शेवटची तारीख लिहिली नाही तर सगळे धनत्रयोदशीला जागे होतात. दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस असतात. त्यामुळे दर घटस्थापनेच्या आसपास पक्के करून दसऱ्याला मेसेज गेलाच पाहिजे. परदेशी पार्सलवाल्यांना त्याहून आधी विचारा. कोणत्या देशात काय चालतं हे कुरिअरवाल्याकडून कळल्याशिवाय त्यांचे पैसे घेऊ नका. आगाऊ रकमेत भीड धरू नका. तूप-बेसन तुमच्या पैशांनी आणायचं आणि ‘आम्ही गावी चाललो, राहू दे’ असा फोन ऐकायचा, हे दरवर्षी कोणाच्या तरी नशिबी येतं.

फोटोंबद्दल थोडं. खिडकीजवळ, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा. ट्यूबलाइटखाली बेसन लाडू हिरवट दिसतो. करंजी मधोमध कापून सारण दाखवा. चकली मोडून आतली नळी दिसू द्या, अनारशाची जाळी जवळून घ्या. पाहणारा तेच शोधत असतो. इंटरनेटवरचा फोटो उचलला आणि डब्यातला माल वेगळा निघाला, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि का येत नाही हे सांगतही नाही.

पाकिटाकडेही बघितलं जातं. घरून खाद्यपदार्थ विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, घटक, नाव-पत्ता आणि फोन लेबलवर असू द्या. दुकानदार आणि ऑफिसवाले हेच आधी तपासतात. चकली कोमट असताना पिशवी सील केली तर आत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी ती मऊ पडते. अशी एक पिशवी महिनाभराच्या जाहिरातीवर पाणी फिरवते.

गूगलवर नाव

गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद) फुकट आहे आणि ‘जवळ फराळ कुठे मिळेल’ असं शोधणारा विकत घ्यायलाच निघालेला असतो. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देता तो भाग दाखवता येतो. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात: बाहेरचा रस्ता किंवा पाटी, मग स्वयंपाकाची जागा, साहित्य, नोंदणीचा कागद, हे सलग एका चित्रीकरणात घ्या. नावाच्या जागी ‘अन्नपूर्णा फराळ उत्तम स्वस्त चकली पुणे’ असली माळ लावू नका, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. अभिप्रायाची लिंक डबा पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पाठवा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही.

स्टॉल घ्यावा का?

पुण्यात डिसेंबरात भरणारी भीमथडी जत्रा किंवा मुंबईतलं महालक्ष्मी सरस यांसारखी मोठी प्रदर्शनं बचतगटांसाठी चांगली. पण सुरुवात सोसायटीच्या किंवा शाळेच्या दोन दिवसांच्या प्रदर्शनाने करा. आधी हिशेब मांडा. समजा भाडं ४,००० रुपये, चवीला वाटायला तीन किलो माल, त्याचा खर्च किलोला ३५० म्हणजे १,०५०. एकूण ५,०५०. किलोमागे १५० सुटत असतील तर नुसता खर्च निघायला ३४ किलो विकावा लागेल. दोन दिवसांत तेवढी गर्दी येणार आहे का? आयोजकांना मागच्या वेळचे स्टॉलवाले कोण होते ते विचारा आणि त्यांतल्या दोघांना फोन करा. ‘फार छान झालं’ ऐकून थांबू नका. ‘यंदा पुन्हा घेतला का?’ हा प्रश्न विचारा.

स्टॉलवर २०० ग्रॅमची पाकिटं जास्त ठेवा. फिरायला आलेला माणूस किलोभर चिवडा हातात धरून हिंडत नाही. चव देताना दराचा कागद समोर हवा, नाहीतर लोक खातात, वा वा करतात आणि निघून जातात. क्यूआर कोड दोन ठेवा, एक पैशांचा आणि एक व्हॉट्सअ‍ॅपचा, दोन्हींवर ठळक लिहून. सारखे दिसले की लोक गोंधळतात आणि रांग अडते. हॉलमध्ये रेंज नसते, तेव्हा सुटे पैसे जवळ असू द्या.

पेपरात घालायची पत्रकं छापायचीच तर सगळ्या पेठेत वाटू नका. जिथे आधीच दोन-तीन घरी डबा जातो, त्याच इमारतींत पेपर टाकणाऱ्याकडे द्या. बाकीची रद्दीत जातात.

ओळखी वाढवायच्या त्या कोणाशी?

फराळ विकणाऱ्या दहा जणी एकत्र जमल्या तर गप्पा होतात, ऑर्डर होत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्याआधी कोण भेटतं, ते शोधा. मुंज-डोहाळेजेवणाला हॉल देणारे, गुरुजी, केटरर (बहुतेकांना रुखवताचे लाडू-चिरोटे करत बसायला वेळ नसतो), पोळीभाजी केंद्र, ब्युटी पार्लर, आणि दिवाळीला अशिलांना डबे पाठवणारे सीए. यांतल्या पाच जणांना नमुन्याचा डबा आणि दरपत्रक स्वतः नेऊन द्या, दुपारी दोन ते चारच्या शांत वेळात. आणि त्यांचं नाव तुम्हीही पुढे करा. एकतर्फी ओळख सहा महिन्यांवर टिकत नाही.

सॅटर्डे क्लब ग्लोबल ट्रस्ट हे मराठी उद्योजकांचं व्यासपीठ किंवा बीएनआय यांसारख्या ठिकाणी एकमेकांना कामं सुचवणं हाच उद्देश असतो. बीएनआयच्या एका चॅप्टरमध्ये (स्थानिक गटात) एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात. भराभर फी भरू नका. आधी पाहुणे म्हणून जा आणि तिथले लोक तुमच्या मालाचे गिऱ्हाईक आहेत की तुम्हालाच काही विकायला बसलेत, ते बघा. दरवर्षीची फी, नाश्त्याचा खर्च आणि सकाळचा वेळ धरून किती किलोंची ऑर्डर यावी लागेल, हे स्टॉलसारखंच मांडून पाहा.

तिथल्या बैठकीत प्रत्येकाला बोलायला मिळतं अर्धं-पाऊण मिनिट. ‘मी सगळ्या प्रकारचा घरगुती फराळ करते’ असं म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणीच येत नाही. त्याऐवजी: “वीस ते पन्नास माणसांच्या ऑफिसला दिवाळीचे अर्ध्या किलोचे डबे देते. तुमच्या ओळखीत अशा ऑफिसचा अ‍ॅडमिन सांभाळणारं कोणी असेल, तर मला फक्त नाव आणि नंबर द्या.” भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी मेसेज करा, त्यात कुठे भेटलात ते लिहा. कार्ड दिलं की काम झालं, हा भ्रम आहे.

ऑफिसच्या ऑर्डरीत तीन प्रश्न आधी विचारा: डबे एकाच पत्त्यावर की वेगवेगळ्या, पैसे कधी, आणि बिल कसलं लागेल. जीएसटी नोंदणी नसेल तर तुम्हाला बिलात जीएसटी लावता येत नाही, हे पहिल्याच फोनवर सांगून मोकळं व्हा. ‘महिन्याने चेक’ म्हणणाऱ्यांकडून निदान कच्च्या मालाचे पैसे आधी घ्या. दुकानात माल ठेवायचा तर दुकानदाराचा वाटा धरूनच किंमत छापा. पहिल्या खेपेला पाच-सहा पाकिटंच द्या, आणि दर आठवड्याला जाऊन तारखा बघा. जुनं पाकीट गिऱ्हाइकाच्या हाती पडलं तर नाव तुमचं खराब होतं, दुकानाचं नाही.

भाऊबीज झाली की आठवडाभरात वही उघडून प्रत्येकाला एकेक फोन करा. काय आवडलं यापेक्षा काय उरलं ते विचारा. शंकरपाळे सगळ्यांकडे उरले असतील तर पुढच्या वर्षी डब्यात ते कमी करा. त्याच फोनवर तिळगूळ आणि गुळपोळीबद्दल विचारून घ्या, आणि उन्हाळ्याचा मसाला कधी कुटणार तेही सांगून ठेवा. जे ‘नको’ म्हणतील त्यांच्या नावापुढे फुली मारा आणि ब्रॉडकास्टच्या यादीतून नंबर काढा.