गोदीच्या स्फोटावरचा कौटुंबिक लघुपट: गुपित कुठे ठेवायचं आणि चाळीच्या खोलीत ते कसं टिपायचं

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. त्यावर सिनेमा लिहायला बसलेला माणूस आधी सोन्याकडे धावतो. जहाजावर सोन्याच्या विटा होत्या, त्या उडून शहरात पडल्या, हे खरंच आहे. पण आजोबांच्या ट्रंकेत वीट सापडली की सिनेमा चोर-पोलिसांचा होतो आणि घर बाजूला पडतं. सोनं अफवेपुरतं ठेवा. खरं गुपित माणसाच्या ओळखीत दडवा.

त्यासाठी त्या दिवसाची वेळ नीट पाठ करा. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. जहाजाच्या पोटातल्या एकाच फाळक्यात, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा होता. बंबवाले पाणी मारत राहिले, पण आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, साधारण अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. एकूण मृतांचा आकडा मात्र आठशेपासून तेराशेच्या पुढेपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो, आणि लेखकाच्या कामाची गोष्ट हीच आहे. गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा आला 1948 मध्ये. त्याआधी बरेचसे मजूर टोळीवाल्यामार्फत, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमामार्फत, रोजंदारीवर येत. कोण आत होता आणि कोण नव्हता याची पक्की यादीच नाही, तिथे माणूस मेला असं सांगून जिवंत राहू शकतो.

आता कथानक बांधू. दोघे भाऊ गोदीत. मोठा 28 वर्षांचा, लग्न झालेला, एक वर्षाचा मुलगा, अंगावर पठाणाचं कर्ज. धाकटा अविवाहित. पहिल्या स्फोटानंतर दोघे बाहेर पडतात, धाकटा कुणाला तरी काढायला परत आत जातो आणि दुसऱ्या स्फोटात सापडतो. मोठा सांगतो, ‘मोठा गेला.’ कर्ज बुडतं, नुकसानभरपाईचा दावा बायको-मुलाच्या नावाने भक्कम होतो. पुढची चाळीस वर्षं तो स्वतःच्याच घरात दीर म्हणून राहतो. बायको चारचौघांत त्याला ‘भावजी’ म्हणते, कपाळ मोकळं ठेवते. मुलगा बापाला ‘काका’ म्हणतो.

या रचनेला लगेच दोन भोकं पडतात, ती लिहितानाच बुजवा. पहिलं म्हणजे शेजारी. जुन्या चाळीतल्या लोकांना दोघे भाऊ माहीत असणारच. म्हणून हे कुटुंब गोदीजवळच्या मांडवीत राहत होतं आणि आगीत घर गेल्यावर लालबागला आलं, असं करा. दुसरं भोक गाव. रत्नागिरीकडच्या घरी आई दोन्ही मुलांना ओळखते. तेव्हा हे घर गावी जातच नाही. गणपतीला सगळी चाळ एसटी धरते आणि हे एकच कुटुंब मुंबईत उरतं. हा सुगावा पहिल्या पाच मिनिटांत टाका आणि त्यावर कुणालाही बोलू देऊ नका. कोकणी प्रेक्षकाला तो लगेच बोचेल, बाकीच्यांना नंतर आठवेल.

काळ 1983 चा घ्या. त्यामागे साधं गणित आहे: आजोबा 67, मुलगा 40, नातू पंधरा-सोळाचा. आजचा काळ धरला तर आजी शंभरी ओलांडते आणि सगळं दुसऱ्याच कुणाच्या तोंडून सांगावं लागतं. शिवाय 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरण्यांचा संप मोडून पडलाय, मुलगा घरी बसलाय, पैशाची ओढ आहे. म्हणून तो ‘काकांची’ ट्रंक उघडतो आणि सोन्याची अफवा इथे कामाला येते. ट्रंकेत निघतं मोडीतलं पत्र, आजोबांनी गावच्या आईला लिहिलेलं, कधीच न टाकलेलं. नातवाला वाचता येत नाही, बापालाही नाही. आणि आजोबांना, गोदीतल्या मजुराला, लिहिता येत नव्हतं, म्हणजे ते दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलंय. गुपित जाणणारा तिसरा माणूस असा आपोआप मिळतो. शोध त्याचा घ्यायचा.

स्फोट दाखवू नका. लघुपटाच्या पैशांत संगणकावर केलेलं जहाज पोरखेळ वाटतं. दोन किलोमीटरवरच्या खोलीत कॅमेरा ठेवा. आधी जमीन हलते, फळीवरची भांडी किणकिणतात, मग साधारण सहा सेकंदांनी आवाज पोचतो. हे सहा सेकंद संकलनात कापले जाणारच, म्हणून पटकथेतच लिहून ठेवा. आवाजानंतर लोक ‘जपान आला’ म्हणून धावतात, कारण तेव्हा तीच भीती होती. दुसऱ्या सकाळी पेपरात सविस्तर बातमी मात्र दाखवायची नाही. युद्धकाळातली सेन्सॉरशिप होती, तपशील बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्यात मिळाली. नाणी आणे-पैशांतली हवीत, नवे पैसे 1957 चे.

पत्र जुनं करायचं तर कोरा चहा गाळून गार करा, कागद मिनिटभर बुडवा आणि सपाट वाळवा. मजकूर लेझर प्रिंटचा किंवा टिकाऊ शाईचा हवा, इंकजेट पसरतो. सगळीकडे एकसारखा पिवळा झालेला कागद खोटा दिसतो. जुना कागद घड्यांवर आणि कडांना जास्त काळवंडतो, तिथे ब्रशने दुसरा हात द्या. मोडी जाणकाराकडूनच लिहून घ्या, संगणकातला फॉन्ट नको. अफवेतली वीट स्वप्नदृश्यात आणणार असाल तर वजन सांभाळा. खरी मोठी वीट साडेबारा किलोच्या आसपास असते. रंगवलेलं लाकूड नट दोन बोटांत उचलतो आणि दृश्य संपतं. त्याच मापाची शिशाची सात किलो भरते, ती चालेल.

चित्रीकरण दहा बाय बाराच्या खोलीत. कॅमेरा गॅलरीत ठेवून दारातून आत बघा, भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात. बाहेरची दृश्यं टाळा, आजच्या चाळीवर डिश आणि एसी लटकलेत. ट्यूबलाइट चमकते म्हणून 24 फ्रेमला शटर 1/50 ठेवा. आवाजासाठी चाळीत नळाची वेळ विचारून घ्या. पाणी आलं की हंडे-कळशा, भांडणं आणि मोटर यांच्यात एकही संवाद सलग मिळत नाही. प्रत्येक दृश्यानंतर सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर खोलीची शांतता रेकॉर्ड करा, नाहीतर संकलनात ‘भावजी’ या हाकेआधीचा श्वास जोडता येणार नाही.

बंदराच्या हद्दीत पाऊल टाकायला बंदर प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते, आणि नौदलाच्या जागा जवळ असल्याने ड्रोनचा विचारही करू नका. गोदी लागलीच तर भिंतीबाहेरून, क्रेनच्या आवाजावर भागवा.