तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत भरताय? या चुका टाळा

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची क्लासला जाताना तांब्याच्या बाटलीत लिंबू सरबत भरून घेऊन गेली आणि दुपारी घरी आली ती पोट धरूनच, मळमळ, कळा, दोनदा उलटी. बाटली उघडली तर झाकणाच्या आट्यांमध्ये हिरवट थर. आईने नुसता वास घेतला, म्हणाली, "अगं, कळकलंय हे!" म्हणजे आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात राहून बिघडलाय.

जुन्या बायकांना हे पक्कं माहीत होतं. साधं पाणी रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर काही प्रॉब्लेम नाही, पण लिंबू, ताक, चिंच, कोकम असलं काही आंबट लागलं की तांबं त्यात उतरायला लागतं, पितळेतही तांबंच जास्त असतं, म्हणून तर पातेल्यांना कल्हई करायचे. आता हौसेने पितळी भांडी घेतात आणि आतली कल्हई उडालीय हे कुणी बघतच नाही. त्यात आमटी नको.

आणि लहान बाळाचं दूध तर अजिबात नको, हे मी हात जोडून सांगते. पूर्वी आपल्याकडे तान्ह्या मुलांचं लिव्हर खराब होऊन मुलं दगावायची, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणायचे त्याला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात शोधलं तर अशा बऱ्याच घरांत बाळाचं वरचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं आणि ठेवलं जात होतं. स्टील आलं आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

आता याच्या बरोबर विरुद्ध चूक, अंगात तांबं कमी पडायची, जिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. कोविडमध्ये झिंकच्या ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काहींच्या अजून चालूच आहेत! मोठ्या माणसाला झिंकची रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम. जास्त झिंक महिनोनमहिने गेलं की आतड्यातल्या पेशी तांबं धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत आणि त्या पेशी झडल्या की ते शौचावाटे निघून जातं. मग हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्यांनी वाढत नाही, पांढऱ्या पेशी कमी, पायाला मुंग्या, चालताना तोल जातो, अगदी बी१२ कमी असल्यासारखंच दिसतं, म्हणून बी१२ची इंजेक्शनं घेत बसतात आणि वेळ जातो. रक्त सुधारतं हो, पण मज्जातंतूंचं नुकसान प्रत्येकाचं भरून येत नाही. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, "साधं व्हिटॅमिन आहे" म्हणून लपवू नका. वजन कमी करायचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा, त्यातही तांबं कमी पडतं.

मग तांब्याची गोळी घ्यायची का? मनाने नाही. मोठ्या माणसाला दिवसाला एक मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही आणि तीळ, काजू, डाळी, कलेजी, खेकडे यातून ते मिळतं.

घरात कुणाला विल्सन डिसीज हा आनुवंशिक आजार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, त्यात शरीराला जास्तीचं तांबं नीट बाहेर टाकता येत नाही. त्या माणसासाठी तांब्याची बाटली बंद, आणि सख्ख्या भावंडांना काही त्रास नसला तरी त्यांची तपासणी करून घ्या.