सातपुड्यात शिक्षक म्हणून पोस्टिंग मिळाली? मग हे करून बघा

ऑर्डर आली नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव नाहीतर अक्कलकुव्याची, की जळगाव-धुळ्याकडची आपली मंडळी पहिलं बदलीचं बघतात, मीपण तेच केलं होतं. ते जरा बाजूला ठेवा आणि पहिला महिना शिकवण्यापेक्षा ऐकण्यात घाला.

पाड्यावर पावरी किंवा भिलोरी या आदिवासी बोली चालतात, आपली अहिराणी तिथे फारशी कामाची नाही. पहिलीतलं पोर गप्प बसलं म्हणजे ढ आहे असं नाही, त्याला तुमची पुस्तकी मराठीच कळत नाहीये. मी एका पोरीला आठवडाभर "पुस्तक काढ" म्हणत राहिलो, ती दरवेळी उठून उभी राहायची, शेवटी चौथीतल्या भावाने तिला तिच्या बोलीत सांगितलं आणि पुस्तक लगेच बाहेर. त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर रोज पाच शब्द लिहायचे, उच्चार चुकला की पोरं खदाखदा हसतात, हसू द्या, तिथूनच ओळख सुरू होते.

घरं लांब लांब टेकड्यांवर, त्यामुळे पायी फिरा, गाडी ठेवा खालीच. मार्च-एप्रिलमध्ये महू, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला पोरं पहाटेच जातात, तेव्हा हजेरीवरून ओरडू नका. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्याआधीच आजी-आजोबांशी बोलून पोर मागे ठेवता येतंय का बघा. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराला, म्हणजे आदिवासींच्या सणाच्या बाजाराला जा, पण मोबाईल खिशात.

आणि हो, "यांना सुधारायला आलोय" हा सूर लोकांना लांबूनच कळतो. मला "सर"वरून नुसत्या नावाने हाक मारायला दोन वर्षं लागली.