शोगीत प्रो व्हायचं असेल तर आधी वाढदिवस मोजायला शिका

शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. ९ बाय ९ चा पट, प्रत्येकाकडे २० सोंगट्या, आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मारलेली सोंगटी तुमची होते, ती हवी तेव्हा पटावर उतरवता येते, त्यामुळे शेवटाकडे पट रिकामा होत नाही, उलट डाव आणखी पेटतो. नियम एका दुपारी शिकून होतात. पण ज्याला यातच करिअर करायचंय त्याने पहिल्यांदा नियमांचं पुस्तक नाही, वयाची अट वाचायची.

अट अशी. प्रो व्हायचा नेहमीचा रस्ता जपान शोगी फेडरेशनच्या शोरेइकाई नावाच्या संस्थेतून जातो. तिथे दर्जाच्या दोन शिड्या, खालची क्यू आणि वरची दान. ६ क्यू पासून सुरुवात होते आणि क्यू कमी करत करत १ क्यू, मग १ दान, २ दान, ३ दान, आणि ४ दान झालात की तुम्ही प्रो. २१ व्या वाढदिवसाच्या आत १ दान झाला नाहीत तर बाहेर. २६ व्या वाढदिवसाच्या वेळी ३ दानवाल्यांची जी लीग चालू असेल ती संपेपर्यंत ४ दान झाला नाहीत तरी बाहेर (लीगमध्ये जिंकलेले डाव हरलेल्यांपेक्षा जास्त ठेवले तर २९ पर्यंत मुदत वाढते, पण ती आशा धरून चालू नका). म्हणून सांगतो, मूल ८-९ वर्षांचं असताना गंभीरपणे सुरुवात झाली तर बरं.

सुरुवात कशाने करायची? त्सुमे शोगी. म्हणजे राजाला मात द्यायची कोडी. एका चालीची, मग तीन चालींची, मग पाच, रोज, अगदी जेवणासारखी. ओपनिंग पाठ करायचा मोह होतो, पण लहान वयात शेवट वाचायची नजर तयार झाली की बाकीचं मागून येतं, असं माझं ठाम मत आहे. शिवाय शोगीच्या क्लबात आपल्यापेक्षा तगड्या लोकांशी समोरासमोर खेळायचं, आणि डाव झाल्यावर दोघांनी मिळून तो परत मांडून बघायचा, याला कान्सोसेन म्हणतात, आणि हे टाळून कोणी मोठा झालेला मी तरी बघितलेला नाही. ऑनलाइन खेळून वेग येतो, पण सवय मात्र खऱ्या पटाची लागली पाहिजे.

मग गुरू शोधायचा. शोरेइकाईच्या परीक्षेला बसायला एखाद्या प्रो खेळाडूने तुम्हाला शिष्य म्हणून घेतलेलं लागतं. पूर्वी शिष्य गुरूच्या घरीच राहायचे, आता तसं सहसा नसतं, आणि गुरू रोज शिकवतोच असंही नाही, पण तुमची जबाबदारी त्याच्या नावावर असते. ऑगस्टमधल्या परीक्षेत आधी इतर परीक्षार्थींशी खेळायचं, पुढच्या टप्प्यात शोरेइकाईतल्या मुलांशी. आणि एक गैरसमज काढून टाका, तिथला ६ क्यू म्हणजे नवशिका नव्हे, तो अमॅच्युअरमधला साधारण ३-४ दान असतो. म्हणजे गावात कोणी हरवू शकत नाही असं पोर तिथे सगळ्यात खालच्या पायरीवर बसतं. हे आईवडिलांनी आधीच समजून घ्यावं.

आत गेल्यावर महिन्यातून दोनदा डाव. क्यूमध्ये वर जायला सलग ६ विजय किंवा ९ विजय ३ पराभव असा हिशोब, दानमध्ये सलग ८ किंवा १२-४. पगार नाही. प्रोंच्या डावाला नोंद ठेवायला बसायचं काम मिळतं, ते मिळालं की सोडू नका, कारण दोन मोठे खेळाडू तासन् तास कुठे थांबतात, कुठे पटकन खेळतात हे तीन हातांवरून बघायला मिळतं.

खरी परीक्षा ३ दानची लीग. सहा महिन्यांत प्रत्येकी १८ डाव आणि वर जातात फक्त दोघं, म्हणजे वर्षाला चार. (तिसरा नंबर दोनदा आला तर एक आडवाट आहे, फ्री क्लासमधून, म्हणजे प्रोंच्या नेहमीच्या लीगच्या बाहेरच्या गटातून.) विजय सारखे झाले तर मागच्या लीगमधली क्रमवारी बघतात, त्यामुळे आपला चान्स गेला म्हणून शेवटचे दोन डाव ढिले सोडले की पुढच्या लीगमध्ये तेच अंगाशी येतात. फुजिइ सोता ही लीग पहिल्याच फटक्यात १३-५ ने पार करून ऑक्टोबर २०१६ मध्ये १४ वर्षं २ महिन्यांचा असताना प्रो झाला, आणि लगेच सलग २९ डाव जिंकला.

पण क्रमवारीने त्यालाही सोडलं नाही. प्रो झाल्यावर जुनिसेन नावाची लीग असते, सी २, सी १, बी २, बी १, ए अशा पायऱ्या, आणि ए जिंकला तो मेइजिनला, म्हणजे त्या नावाचा मोठा किताब असलेल्या खेळाडूला, आव्हान देतो. सी १ मध्ये एका मोसमात फुजिइ ९-१ खेळला आणि तरीही वर गेला नाही! त्याचे गुरू सुगिमोतो पण ९-१ च, पण त्यांचा नंबर वर होता म्हणून गुरू वर गेले आणि शिष्य तिथेच राहिला. पुढे २०२३ मध्ये तोच शिष्य वयाच्या २० व्या वर्षी मेइजिन झाला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शोगीतले आठही मोठे किताब त्याच्याकडे होते.

पैशाचं बोलायचं तर वरच्यांना भरपूर आहे, र्यूओ किताबाचं बक्षीसच ४ कोटी ४० लाख येन. पण खालच्या पायरीवरचा माणूस डावांच्या मानधनावर, शिकवण्यावर, कार्यक्रमांवर घर चालवतो. सी २ मध्ये वाईट कामगिरीचे डिमेरिट पॉइंट तीन वेळा मिळाले की फ्री क्लास, आणि तिथून दहा वर्षांत परत वर आला नाहीत तर निवृत्ती.

हरायचं कसं हेही शिकावं लागतं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठे डाव लाइव्ह बघितलेत तर लक्ष द्या: हरणारा आधी सरळ बसतो, कपडे नीट करतो, चहाचा घोट घेतो, मग पकडलेल्या सोंगट्यांच्या स्टँडवर हात ठेवून वाकून म्हणतो, "माकेमाशिता", म्हणजे मी हरलो. कोणी पंच येऊन सांगत नाही, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. सात वर्षांच्या मुलालाही पहिल्या दिवसापासून हेच शिकवा.

मुलींसाठी १९७४ पासून वेगळी महिला प्रो व्यवस्था आहे, आणि पोलंडची कारोलिना स्तिचिन्स्का २०१७ मध्ये त्यातून प्रो झाली, म्हणजे परदेशी असणं हा अडथळा नाही. ४ दानचा दरवाजा बायकांना बंद नाही, पण फार अवघड आहे. महिला प्रो निशियामा तोमोका जानेवारी २०२५ मध्ये ४ दानच्या प्रवेश परीक्षेत २-३ ने, एका विजयाने हुकली.

ती परीक्षा म्हणजे वय उलटून गेलेल्यांची वाट. अमॅच्युअर किंवा महिला प्रोने प्रोंविरुद्धच्या डावांत किमान १० विजय आणि ६५ टक्के यश मिळवलं की नव्या प्रोंशी पाच डाव खेळायचे, तीन जिंकले की प्रो. सेगावा शोजी २६ व्या वर्षी शोरेइकाईतून बाहेर पडला, नोकरी केली, अमॅच्युअर म्हणून प्रोंना हरवत राहिला आणि २००५ मध्ये खास परीक्षा देऊन ३५ व्या वर्षी प्रो झाला, त्यानंतरच ही परीक्षा नियमात आली. इमाइझुमी केन्जी तर २०१५ मध्ये ४१ व्या वर्षी झाला.