अल्पकालीन स्मृती: ‘सात’ पाठ करण्याआधी या चुका टाळा

मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिका आणि प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना अल्पकालीन स्मृती (ऐकलेलं-पाहिलेलं काही सेकंद धरून ठेवणारी स्मृती) आली की मी आधी चहा मागवतो. दरवर्षी गाईड नवं येतं, चुका त्याच असतात.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे ‘माणसाला सात गोष्टी लक्षात राहतात, मिलर, १९५६.’ पुढे पूर्णविराम. कसल्या सात गोष्टी? मिलर हा मानसशास्त्रज्ञ गटांबद्दल बोलत होता, म्हणजे मनात एकत्र बांधलेल्या तुकड्यांबद्दल. एकेक सुटा अंक हा गट होऊ शकतो, तसंच ‘१९४७’ हाही एकच गट.

हे न कळल्यामुळे प्रॅक्टिकलमध्ये काय होतं ते बघा. एका परीक्षेत एका मुलीच्या वहीत मैत्रिणीचा स्मृतिविस्तार (एकदा ऐकून लगेच जसेच्या तसे म्हणता येणारे अंक) ‘१२ अंक’ लिहिलेला होता. म्हटलं, माझ्यासमोर करून दाखव. तिने यादी उचलली आणि मोबाईल नंबर सांगावा तशी सुरुवात केली: ‘अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणपन्नास...’ मैत्रिणीने सहा जोड्या घडाघडा म्हणून दाखवल्या. म्हणजे गट सहाच! मग सुटे अंक, सेकंदाला एक, सपाट आवाजात वाचायला लावले. मैत्रीण सातवर अडकली. वाचणारीला मात्र प्रयोग बिघडल्यासारखं वाटत होतं, कारण बारा हा आकडा तिला जास्त आवडला होता.

माझी सवय सांगतो. सेकंदकाटा असलेलं घड्याळ टेबलावर ठेवायचं आणि अंक छापील यादृच्छिक तक्त्यातून घ्यायचे. मनाने रचलेल्या यादीत जन्मसाल आणि पिनकोड हमखास घुसतात. आणि घाई नको. ज्यांना दहा मिनिटांत प्रॅक्टिकल उरकून कँटीन गाठायचं असतं, त्यांच्याच वहीत बारा येतात.

शिवाय सात हा शेवटचा शब्द नाही. २००१ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी दाखवलं, की घोकणं आणि गट पाडणं या दोन्ही वाटा बंद केल्या तर क्षमता चारच्या आसपास येते. हे एक वाक्य लिहिणारा विद्यार्थी दिसला की माझा हात सैल सुटतो.

दुसरी चूक: ‘आजोबांची अल्पकालीन स्मृती गेली, सकाळचा नाश्ता आठवत नाही.’ नाश्ता दुपारपर्यंत अल्पकालीन स्मृतीत राहतच नाही. तिचा कारभार काही सेकंदांचा. हेन्री मोलेसन या रुग्णावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर घडलेलं त्याच्या लक्षात राहीना. पण आकडे ऐकवले की तो लगेच म्हणून दाखवायचा. उलट १९६९ मध्ये वॉरिंग्टन आणि शॅलिस यांनी वर्णन केलेल्या के. एफ. या रुग्णाला ऐकलेले दोन-तीन आकडेही धड म्हणता येत नसत, तरी नवं शिकणं चालू होतं. ॲटकिन्सन-शिफ्रिन यांच्या १९६८च्या आकृतीत माहिती अल्पकालीन स्मृतीच्या चौकोनातूनच दीर्घकालीन स्मृतीत जाते. आता ते चौकोन काढा आणि सांगा, के. एफ.ची माहिती कुठल्या दाराने आत गेली? आकृती सुबक काढून गुण मागणाऱ्यांना हाच प्रश्न मी तोंडी परीक्षेत विचारतो.

‘अल्पकालीन स्मृती १८ सेकंद टिकते’ असं लिहू नका. हा आकडा ज्यातून येतो, त्या पीटरसन दांपत्याच्या १९५९च्या प्रयोगात लोक तीन अक्षरं लक्षात ठेवताना तीन-तीनने उलटे आकडे मोजत होते, म्हणून घोकता येत नव्हतं. पहिल्याच फेरीत तर विसरणं जवळजवळ होतच नाही, हे केपेल आणि अंडरवूड यांनी १९६२ मध्ये दाखवलं. आधीच्या फेऱ्यांतली अक्षरं मध्ये लुडबुड करतात.

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या कोर्सची जाहिरात उदाहरण म्हणून चिकटवू नका. एरिक्सन आणि चेस यांच्या प्रयोगातला एस. एफ. हा धावपटू दोनशेहून जास्त तासांच्या सरावानंतर ७९ अंकांपर्यंत पोचला, कारण तो अंकांना शर्यतीच्या वेळा समजून गट पाडायचा. अंकांऐवजी अक्षरं दिली, तर गाडी पुन्हा सहावर.

आणि बॅडली-हिच यांचं कार्यकारी स्मृतीचं (माहिती धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीचं) १९७४चं प्रारूप लिहिलंत, तर एपिसोडिक बफर हा त्याचा भाग त्याच वर्षात कोंबू नका. तो बॅडलींनी २००० मध्ये जोडला.