वाचक गट आणि शिवारफेरी एकत्र करताय? मग या चुका टाळा

गावात वाचनालय असतंय, चार कपाटं पुस्तकं असतात, पण चर्चेला बोलावलं की तेच सात-आठ जण येतात आणि त्यातले दोघंच बोलतात. म्हणून वाचक गटाला शिवारफेरीची जोड द्यायची कल्पना मला लै आवडते. खुर्च्या मांडून गोलात बसवलं की जो माणूस तोंडच उघडत नाही तोच शेजारी चालताना हळूहळू बोलायला लागतो, कारण समोर कुणी टक लावून बघत नसतंय, मधेच गप्प बसलं तरी कुणाला काही वाटत नाही. सगळा फायदा ह्या एका गोष्टीत आहे. खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याच ह्या फायद्यावरच पाणी टाकतात म्हणून टाळायच्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याचा कार्यक्रम करणं. बॅनर आला, शाल-नारळ आला, कुणीतरी प्रमुख पाहुणे आले की चालायला निघायलाच साडेनऊ वाजतात, ऊन डोक्यावर येतं, आणि ज्या ताई पहिल्यांदा आल्या होत्या त्या मागच्या मागं घरी जातात. उद्घाटन नको, अध्यक्ष नको. वाचनालयाच्या पायरीवर जमा, दोन मिनिटात आजचं पुस्तक कोणतं ते सांगा आणि निघा.

दुसरी चूक, चालता चालता सगळ्यांची मिळून चर्चा करायची. हे होतच नाही हो. बांधावरून माणसं एकामागं एक जातात, पुढचा बोलतो ते मागच्याला ऐकूच येत नाही, मग पुढचा ओरडून बोलतो, मागचे आपल्या गप्पा मारतात. त्यापेक्षा रुंद पांदण रस्ता धरा जिथं दोघं-तिघं शेजारी चालू शकतात, निघताना एकच प्रश्न द्या, म्हणजे समजा कथेतल्या सासूचं बरोबर होतं का, आणि जोड्या करा. मारुतीच्या देवळापाशी थांबलं की जोडी बदला. पुढं वडाखाली किंवा लिंबाखाली बसायचं, तिथं एकानं दोन पानं मोठ्यानं वाचायची आणि मग सगळ्यांनी बोलायचं. चालताना दोघांचं, बसल्यावर सगळ्यांचं, एवढं पाळलं तरी अर्ध्या अडचणी सुटतात.

मग पुस्तक. उत्साहात साडेचारशे पानांची कादंबरी घेतात, वाचनालयात तिची एकच प्रत असते, ती पहिल्याच घरी महिनाभर अडकते आणि फेरीच्या दिवशी बाकीचे गप्प. आपली खेड्यातली बरीच वाचनालयं ड वर्गातली असतात (शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, ड सगळ्यात लहान), तिथं एका पुस्तकाच्या दहा प्रती मिळणं अवघडच. म्हणून कथासंग्रह घ्या आणि एका वेळी एकच कथा घ्या, नाहीतर एखादा ललित लेख, दोन-तीन कविता. आणि पुस्तकाचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे किंवा कुठूनतरी पीडीएफ आणायची हे नका करू, लिहिणाऱ्याचं नुकसान आहे ते, आणि मोबाईलवर वाचलेलं उन्हात दाखवता पण येत नाही. दोन प्रती वर्गणीतून विकत घेतल्या तरी भागतं, बाकी काम मोठ्यानं वाचण्यावर होतं.

मोठ्यानं वाचण्याचा अजून एक फायदा आहे तो लोकं विसरतात. ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यानं कमी दिसतं अशी म्हातारी माणसं पण येऊ शकतात. आपल्याकडं पोथी एकानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची ही सवय जुनीच आहे. ज्या आजीला अक्षर ओळखता येत नाही तिला जात्यावरच्या कितीतरी ओव्या पाठ असतात, कथेत माहेराचा विषय निघाला की ती आपणहून एखादी म्हणून दाखवते, आणि त्या दिवशीची चर्चा तिथून कुठल्या कुठं जाते. वाचक गट म्हणजे फक्त शिकलेल्यांचा असं धरून चालणं ही पण चूकच.

आता शिवार. इथं सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं.

न विचारता कुणाच्याही रानात शिरू नका. आदल्या दिवशी मालकाला जाऊन भेटा, "दादा, उद्या सकाळी आम्ही पंधराएक जण तुमच्या बांधावरून जाऊ, चालेल ना?" एवढं विचारलं की तोच म्हणतो विहिरीपाशी बसा, पाणी देतो. विचारायचं ते नुसत्या मानापानासाठी नाही. रानडुकरांसाठी पिकाभोवती करंटची तार लावलेली असू शकते, आदल्या दिवशी फवारणी झालेली असू शकते, गवतात लपलेली बिनकठड्याची विहीर असू शकते. हे मालकालाच माहीत असतंय. लहान मुलं सोबत असतील तर विहिरीच्या बाजूनं एक मोठा माणूस ठेवाच. आणि हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा दिसल्या म्हणून तोडायच्या नाहीत, पंधरा जणांनी मूठ मूठ तोडलं तरी त्या माणसाच्या डोळ्यासमोर त्याचं रान मोकळं होतंय, पुढच्या वेळी तो बरोबर नाही म्हणणार.

ऋतूचा हिशोब न करणं ही तर नेहमीचीच. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा सहाला निघून साडेआठला घरी, नाहीतर सरळ वाचनालयातच बसा. पावसाळ्यात काळ्या मातीत चालून बघा, दहा पावलात चपलेखाली मातीचा इतका जाड थर बसतो की पाय उचलत नाही, पट्टा तुटतो, माणूस घसरतो. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस मुरमाडाचा नाहीतर डांबरी रस्ताच धरा. मान्सूनच्या आधी आणि परतीच्या पावसात विजांचं प्रमाण जास्त असतंय, वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा, गडगडाट ऐकू आला की झाडाखालची बैठक लगेच मोडून पक्क्या घरात जा, कथा कितीही रंगलेली असू द्या. साप चावलाच तर कापणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे काहीच नाही, माणसाला हलू न देता १०८ ला फोन आणि दवाखाना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ, ज्वारी उभी असते, हवा थंड असते, हुरड्याचं निमित्त पण मिळतं. फक्त लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येच्या दिवशी फेरी ठेवू नका, त्या दिवशी सगळं गाव आपापल्या रानात आंबील-भज्जी घेऊन जातं, तुमच्याकडं कोण येणार.

दिवस ठरवताना आठवडी बाजार बघा. हे साधं वाटतं पण बाजाराच्या दिवशी फेरी ठेवली की माळवं विकणारे आणि घेणारे दोघंही गेले. बायकांना विचारून वेळ ठरवा, नळाला पाणी कधी येतं, डबे कधी होतात, त्यावर त्यांचं येणं अवलंबून असतंय. वाटेत शाळा, देवस्थान, कुणाचं तरी घर असं ठिकाण असू द्या जिथं बायकांना बाथरूमची सोय होईल. हे कुणी तोंडानं सांगत नाही, नुसतं यायचं बंद करतात.

वर्षातून एखाद-दोनदा लांब जायचं तर गाव आणि पुस्तक जुळवा, नुसती सहल करू नका. आंबेजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडं बालाघाटच्या दरीत उतरताना त्यांच्याबद्दल वाचलेलं असेल तर चालणं वेगळंच होतं, त्यांचा विवेकसिंधु शके १११० म्हणजे ११८८ चा मानतात, मराठीतल्या अगदी जुन्या ग्रंथांपैकी. गंगाखेडला जनाबाई, तेरला गोरोबाकाका, पैठणला नाथ, प्रत्येक जिल्ह्याला असं काहीतरी आहेच. जाण्याआधी त्यांचे चार अभंग सगळ्यांनी वाचलेले असू द्या, तिथं पोचून मोबाईलवर शोधत बसलं की मजा जाते. किल्ला किंवा लेणी असेल तर वर आग्या मोहोळ आहे का ते बघा, तिथं धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

गट चालू झाल्यावर अडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. एकच सर सगळा वेळ बोलायलेत, तर त्यांना वाचायचं काम द्या, वाचणाऱ्यानं शेवटी बोलायचं असा नियम करा, त्यांचा मानही राहतो. कथेवरून गाडी गावच्या राजकारणावर गेली तर पुस्तक उघडून "हे कोणत्या पानावर आहे?" एवढंच विचारा. आणि कुणीच वाचून आलं नाही तर रागावू नका, तिथंच बसून कथा वाचून टाका, वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या की माणसं कमी होतात तेव्हा गट मोडला असं समजून नाराज होणारे पण बघितलेत. पेरणीच्या दिवसात शेतकऱ्यानं पुस्तकाला वेळ द्यावा ही अपेक्षाच चुकीची. तेवढे दिवस फेरी बंद ठेवा, पुस्तकं घरोघरी फिरत राहू द्या, आणि पोळ्यानंतरची पहिली तारीख मे महिन्यातच सगळ्यांना सांगून वाचनालयाच्या फळ्यावर लिहून ठेवा.